मास्तरांची क्राऊन-पिनियन

डिचोलीच्या बसस्टँडजवळच्या चढणीवर दत्ताराम मास्तरांची गाडी ‘कडाड’ असा आवाज करून थांबली, तेव्हा मास्तरांनी सगळ्यात आधी इकडेतिकडे बघितलं. गाडीला काय झालं हे नंतरही कळलं असतं. कोणी बघितलं का, हे आधी कळायला हवं होतं. बघितलं होतं. सोमवारच्या सकाळी निम्मी डिचोली बाजारात असते आणि उरलेली निम्मी बाजाराकडे येत असते. इंजिन सुरू होतं, गिअर पडत होते, पण चाकं म्हणत होती की आमचा याच्याशी काही संबंध नाही.

गाडी जर्मन होती, पोर्तुगीज आमदानीत बोटीने आलेली, कासवाच्या पाठीची, इंजिन मागे आणि डिकी पुढे. हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या माणसाने असली गाडी का घ्यावी याचं उत्तर मास्तरांच्या पत्नी पद्मावती यांनाही कधी मिळालं नव्हतं. त्यांनी विचारणंही सोडून दिलं होतं. बाजारातल्या चौघांनी गाडी ढकलत घरी आणून दिली. त्यांतले दोघे मास्तरांनी एकेकाळी व्याकरणात नापास केलेले होते, आणि ते दोघे जास्त उत्साहाने ढकलत होते.

बाबली मेस्त्री दोडामार्गाकडचा. दिवसभर खाणीवरचे ट्रक दुरुस्त करायचा आणि सवड मिळेल तसा बाहेरची कामं घ्यायचा. ट्रकाच्या मानाने ही गाडी त्याला खेळण्यासारखी वाटत असावी, कारण त्याने दोन तासांत इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स खाली काढला आणि त्याच्या पोटातलं सगळं सामान पद्मावतीबाईंच्या पितळी परातीत मांडलं. परात कोणी दिली, हा प्रश्न पुढे बरेच दिवस त्या घरात चर्चेला होता.

“मास्तरांनू, ह्या बगा,” बाबलीने जेवणाच्या ताटाएवढं एक दातेरी चाक उचलून दाखवलं. “ही क्राऊन. आणि ही बारकी ती पिनियन. इंजिनाचो जोर पिनियन घेता, पिनियन क्राऊनीक फिरवता, क्राऊन चाकांका फिरवता. तुमच्या पिनियनीचे तीन दात गेले. क्राऊन मात्र धडधाकट असा.”

“मग नुसती पिनियन बदलली तर?”

बाबलीने चहात उंडो पाव बुडवला आणि तो भिजेपर्यंत विचार केला. “बगूया,” तो म्हणाला. बाबलीच्या तोंडी ‘बगूया’ म्हणजे नाही, हे मास्तरांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

मास्तर वास्कोला गेले. बंदराजवळ मोडीत निघालेल्या गाड्यांचं सामान विकणारा एक माणूस होता. त्याच्या ढिगातून अर्ध्या तासाच्या उत्खननानंतर तशीच पिनियन निघाली. मास्तरांनी दात तीनदा मोजले. आठ. जुन्या पिनियनचेही, गेलेले धरून, आठच. मराठीच्या मास्तराने गणितात याहून जास्त काय करावं? पिशवीतून तेल गळून कंडक्टरच्या बुटावर पडलं, तो जे बोलला ते मास्तरांनी मनावर घेतलं नाही. मोठ्या कार्यात असं होतंच.

पिनियन बसली, गाडी जोडून झाली आणि मास्तरांनी ती अंगणातून रस्त्यावर काढली. गाडी चालली. पण चालताना तिने जो सूर लावला तो डिचोलीने पूर्वी ऐकला नव्हता. आधी कण्हल्यासारखा, मग रडल्यासारखा, आणि तिसऱ्या गिअरात एखाद्या कोल्ह्याने शंख फुंकायला घ्यावा तसा. वाड्यावरचे कुत्रे एकामागून एक सामील झाले. पद्मावतीबाईंनी खिडकीचं जनेल लावून घेतलं.

आणि गाडी अंगणात परत येते न येते तोच शेजारचे गोकुळदास कुंपणापाशी आले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की गोकुळदास आणि मास्तर यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. कारण भाषा. गोव्याची राजभाषा कोणती यावरून जे रण माजलं होतं त्यात मास्तर मराठीचे आणि गोकुळदास कोकणीचे. दोघेही सभांना गेले, दोघांनीही सह्या गोळा केल्या, आणि एका संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांना असं काही बोलले की नंतर काही बोलण्यासारखं उरलंच नाही. कायदा झाला, गोवा घटकराज्य झालं, मिरवणुका निघाल्या, तरी या कुंपणावर तह झाला नव्हता. फणस, नारळ आणि निरोप यांची देवाणघेवाण पद्मावतीबाईंमार्फत होत असे.

तर गोकुळदास आले, आणि रागाच्या भरात चक्क शुद्ध मराठीत म्हणाले, “हा आवाज तात्काळ बंद झाला पाहिजे. येथे सभ्य माणसे राहतात.”

मास्तरही तापलेले होते. ते म्हणाले, “म्हजी गाडी, म्हजो आवाज. तुमकां कितें जाता?”

बोलून झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपण कोणत्या भाषेत बोललो. मास्तरांच्या मागे बाबली स्पॅनर तोंडावर धरून हसत होता. पहिल्यांदा गोकुळदासांचा ओठ हलला, मग मास्तरांचा, आणि दोन मिनिटांनी गोकुळदास कुंपण ओलांडून अंगणात आले ते थेट परातीपाशी, जिच्यात आता फक्त दात गेलेली जुनी पिनियन होती. खाणीच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअरकीपर होते ते. सुटा भाग दिसला की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा.

“आत घातलीत ती पिनियन कुठची?”

“वास्कोची.”

“आणि क्राऊन?”

“गाडीचीच.”

गोकुळदासांनी दया आल्यासारखं मास्तरांकडे बघितलं. “मास्तर, तीस वर्षांत मी क्राऊन-पिनियन कधी सुटी दिली नाही. साहेब येऊन उभा राहिला तरी नाही. कारखान्यात दोघांना एकत्र फिरवून एकमेकांवर घासून घेतात. ज्याचे दात ज्याच्यात बसले तेच बसतात. म्हणून दोघांवर एकच आकडा कोरतात.”

गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. बाबलीने क्राऊनच्या कडेवर रॉकेलचा बोळा फिरवला. आकडा निघाला ३१७. पिनियनच्या डोक्यावर ६४२.

“हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?” मास्तरांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. मी तिथून बघत होतो.” गोकुळदासांनी आपल्या व्हरांड्याकडे बोट दाखवलं. “पण आपलं बोलणं कुठे होतं?”

मास्तरांना राजभाषेच्या प्रश्नाचे दूरगामी परिणाम त्या दिवशी प्रथमच पूर्णपणे समजले.

एकदा बोलणं सुरू झालं म्हटल्यावर गोकुळदासांच्या सल्ल्यांचा वर्षभराचा बांध फुटला. पहिला सल्ला असा, की गाडी बंद आहे तोवर तिचा कर कशाला भरता, गाडी वापरात नाही असा अर्ज पणजीला देऊन या. मास्तर सुंदर अक्षरात अर्ज लिहून पणजीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला.

“गाडी बंद आहे म्हणता. आम्ही ती बघायला हवी. इकडे घेऊन या.”

“ती बंद आहे. कशी आणू?”

“ओढून आणा.”

“म्हणजे आणता येईल.”

“पण ओढून रस्त्यावर आणलीत म्हणजे ती रस्त्यावर आली,” गृहस्थ समजुतीने म्हणाले. “रस्त्यावर आलेली गाडी वापरात नाही असं कसं लिहू?”

मास्तरांनी या वाक्याचं मनातल्या मनात पृथक्करण करून बघितलं. व्याकरणात चूक नव्हती. मग गृहस्थांनी सांगितलं की तसंही आज काही होणार नाही, कारण शिक्का जुना आहे. त्याच्यावर अजून दमण आणि दीव आहेत. राज्य होऊन सहा महिने झाले, नवा शिक्का यायचा आहे. मास्तर अर्ज परत घेऊन आले आणि त्यांनी तो परातीखाली घातला, म्हणजे तेल जमिनीवर पडू नये.

यानंतर तीन आठवडे जोडीची शोधाशोध चालली. म्हापसा झालं, फोंडा झालं, मडगावात एकाने बेळगावचा पत्ता दिला, बेळगावच्या माणसाने पत्राचं उत्तर दिलं नाही. शाळेत सहशिक्षक ‘काय मास्तर, जुळली का पत्रिका?’ असं विचारू लागले. मास्तर गंभीर चेहऱ्याने ‘बोलणी चालू आहेत’ म्हणत. एका संध्याकाळी मास्तर, गोकुळदास आणि बाबली परातीभोवती बसले असताना पद्मावतीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “अशीच गाडी पेडण्याला आमच्या माहेरच्या वाड्यावर आहे. सुलोचनाबाईंकडे. खोपीत उभी आहे, आत कोंबड्या बसतात.”

तिघांनी एकदम मान वर केली.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“मला कोणी विचारलं?” पद्मावतीबाई म्हणाल्या. “माझी परात तेवढी विचारलीत. तीही नाही.”

रविवारी सगळे पेडण्याला गेले. सुलोचनाबाई साठीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि गाडी तेव्हापासून हलली नव्हती. पुढच्या सीटवर एक लाल कोंबडी बसली होती, तिने पाहुण्यांकडे मालकिणीच्या नजरेने बघितलं. मास्तरांनी आपलं येण्याचं कारण सांगितलं. शिकवण्याची सवय असल्यामुळे ते उदाहरणांसह सांगितलं.

सुलोचनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “गाडी खोलूची नाय. ती आमच्या ह्यांच्या हातची असा.”

बाबलीने पाना पिशवीत घातला. मास्तर उठले. त्यांना त्या घडीला खरंच वाटलं की आपण कोणाच्या तरी देवघरात हात घालायला निघालो होतो. त्यांनी तसं म्हटलंही, फार काही अलंकार न वापरता. “बाई, तुमचं बरोबर आहे. आम्ही विचारायलाच नको होतं.”

ते फाटकापाशी पोचले तेव्हा मागून हाक आली.

“तुमची गाडी चलली, तर तिचो आवाज असोच येतलो? हिच्यासारको?”

“अगदी असाच,” मास्तर म्हणाले. “एकाच जातीची आहे.”

सुलोचनाबाई पायरीवर आल्या. “आमी वर्षातून एकदा नार्व्याक जायचो. सप्तकोटेश्वराक. सोमवारी. ते गेले आणि मी गेलंय नाय. पावणे म्हणतत बशीन चल. माका बशीन जावक बरां दिसना नाय.” त्या थोड्या थांबल्या. “माका एकदा त्या आवाजात नार्व्याक व्हरात. तसो शब्द देयात, मगे काय होयां ता काढून घेयात.”

मास्तरांनी नार्व्याला न्यायचा शब्द दिला. बाबलीने तिथेच खोपीत, कोंबडीच्या देखरेखीखाली, गिअरबॉक्स खोलला. क्राऊनवर आकडा होता २०४. पिनियन पुसताना कोणी श्वास घेत नव्हतं. २०४. गोकुळदासांनी खिशातून चष्मा काढून खात्री केली आणि स्टोअरच्या सवयीने ‘मिळाले’ असं म्हणाले.

ठरलेल्या सोमवारच्या आधीचे तीन दिवस खाणीवरचे दोन ट्रक एकदम बसले आणि बाबलीला सवडच झाली नाही. तो आला तो सोमवारी उजाडताना. नऊच्या बसने सुलोचनाबाई आल्या, इरकली लुगडं नेसून, हातात नारळ आणि फुलांची पुडी. बाबली शेवटचा बोल्ट आवळत होता. चालवून बघायला वेळच नव्हता. मास्तर चाकामागे बसले, किल्ली फिरवली, इंजिन लागलं. सुलोचनाबाईंनी डोळे मिटून घेतले. “होच,” त्या हळूच म्हणाल्या.

मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी पहिला गिअर घातला, क्लच सोडला, आणि गाडी अत्यंत डौलात मागे गेली.

मास्तरांना वाटलं चुकून रिव्हर्स पडला. त्यांनी घाईने दुसरा घातला. गाडी अधिक वेगाने मागे गेली. पुढे जाण्याच्या इच्छेने माणूस जितका पेटतो तितकी ती गाडी मागे जात होती. कुंपणाच्या मोडक्या भागातून ती गोकुळदासांच्या आवारात शिरली आणि त्यांनी नुकत्याच रचून ठेवलेल्या गवताच्या गंजीत कमरेपर्यंत घुसून थांबली. कोणाला काही लागलं नाही. गवतातून फक्त मास्तरांच्या हॉर्नचा एक लहानसा आवाज आला, तोही त्यांचं कोपर लागल्यामुळे.

गाडी ओढून बाहेर काढली. बाबली तिच्याखाली आडवा झाला, पडल्या पडल्या दोन्ही हातांनी हवेत चाकं फिरवली, आणि मग बराच वेळ बाहेरच आला नाही.

“बाबली,” मास्तर म्हणाले.

“मास्तरांनू, जोडी बरोबर असा,” गाडीखालून आवाज आला. “पण मी क्राऊन दुसऱ्या अंगाक बसवलंय. तीन दिस ट्रक केलंय, हात त्याच सवयीन गेलो. ट्रकाचा इंजिन पुढे. ह्या गाडीचा मागे. सगळा उलटा फिरता. आता मागे जावक चार गिअर असत आणि पुढे जावक एक. रिव्हर्सचो.”

“सरळ करायला किती वेळ?”

“परत सगळा खोलूक होया. आजचो दिस जातलो.”

मास्तरांना शाळेत, बाजारात, बसस्टँडवर होणारं उद्याचं सगळं हसणं आताच ऐकू येऊ लागलं. पण त्याहून वाईट म्हणजे सुलोचनाबाईंच्या हातातली फुलांची पुडी त्यांना दिसत होती. त्यांच्याकडे बघायचं त्यांना धैर्य होईना.

सुलोचनाबाईंनीच विचारलं. “पुढे जाता मा एक गिअर?”

“जाता,” बाबली म्हणाला. “सायकलीइतक्यान.”

“मगे एक पुरे.” आणि त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

मागे पद्मावतीबाई, मार्गदर्शनासाठी गोकुळदास, आणि इलाज म्हणून बाबली. गाडी रिव्हर्सच्या गिअरात पुढे निघाली. डिचोलीच्या बाजारातून जाताना मास्तरांनी चेहरा असा ठेवला होता की जणू हाच वेग कायद्याने ठरवून दिलेला आहे. एका सायकलवाल्याने मागे टाकलं. पुढे जाऊन त्याला काय वाटलं कोण जाणे, तो उतरून वळणावर उभा राहिला आणि गाडी गेल्यावर पुन्हा निघाला.

गाव मागे पडलं तसे सगळे हळूहळू निवांत झाले. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मधेच पोफळीचं कुळागर, खाली नदीचं पाणी. सुलोचनाबाई खिडकीतून बघत होत्या. “ही तळी हंय होती?” त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने, “ह्या घुमटेचा देऊळ नवीन बांदला?”

“नाही, जुनंच आहे,” गोकुळदास म्हणाले.

“ते अशी सुसाट गाडी मारीत, माका कदी काय दिसलाच नाय,” सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि कौतुकाने म्हणाल्या की तक्रारीने, हे मास्तरांना ठरवता आलं नाही.

नार्व्याच्या उतारावर, जिथे रस्ता एका गाडीपुरताच आहे, तिथे समोरून बस आली. एका बाजूला दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला शेतात उतरणारा खड्डा. बस थांबली, गाडी थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. मागे भरपूर माणसं होती आणि त्यांना एवढ्यातच करमणूक हवी होती.

“मास्तर, तुमी मागे घेयात,” ड्रायव्हर म्हणाला. “बशीक जमचां नाय. चार फर्लांगार जागा असा. जमात मा तुमका?”

‘जमेल ना’ अशा या ‘जमात मा’वर बसमधून कोणी हसलं.

मास्तरांनी पहिला गिअर घातला. गाडी मागे निघाली. दुसरा घातला. मान वळवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून ते बघत होते आणि रस्ता त्यांच्या मागून असा सरळ उलगडत होता की त्यांना वाटलं, यात काहीच अवघड नाही. त्यांनी तिसरा घातला. बस बिचारी चढणीवर फुरफुरत मागोमाग येत होती आणि गाडी तिच्यापासून दूर दूर जात होती. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कोणीतरी टाळी वाजवली. “मास्तर, चौथो घालू नका,” बाबली मागून म्हणाला, पण त्याच्याही आवाजात अभिमान होता. गोकुळदास ‘डावीकडे, डावीकडे, आता सरळ’ असं शुद्ध मराठीत सांगत होते. रुंद जागी मास्तरांनी गाडी एका झटक्यात कडेला घेतली आणि बसला जायला हात दाखवला. ड्रायव्हरने जाताना कपाळाला हात लावून सलाम केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा सलाम मास्तरांना इन्स्पेक्टरनेही केला नव्हता.

मग तोच उतार पुन्हा एका गिअरात उतरून ते देवळात पोचले. सुलोचनाबाईंनी नारळ ठेवला, पाया पडल्या, बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. बाहेर सगळे चण्याचा प्रसाद खात त्यांची वाट बघत होते. त्या आल्या, गाडीत बसल्या, आणि अचानक हसू लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग तो पदरही आवरेना. पद्मावतीबाईंनी घाबरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“काय झालं?”

“काय नाय गो,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “आमच्या ह्यांका सगळी गाडी येय, पण मागे घेवक कदी जमली नाय. दरवेळी माकाच खाली उतरून, पाटीमागे उभ्या रवान, ‘येवंदेत, येवंदेत’ करूक लागायचां. पावसात, उन्हात, वीस वर्सां. आज पयल्यांदाच मी गाडीत बसान मागे इलंय.”

परतायचा रस्ता समोर मोकळा होता आणि त्यासाठी गाडी पुढेच न्यायला हवी होती.

मास्तरांनी किल्ली फिरवली, पहिला गिअर घातला, आणि काही एक कारण नसताना गाडी देवळासमोरच्या पटांगणात पन्नास हात मागे घेतली.